औताच्या चालीनं

पेन्सिल जिभेला लावायची, वहीवर टेकवायची आणि लिहिण्याआधी समोरच्याला सांगायचं, "लिवून ठेवतो जी." ही मामांची रीत. त्यात धमकी नसायची आणि परवानगीही मागितलेली नसायची. पाऊस आला की आपण 'पाऊस आला' म्हणतो ना, तसंच ते.

पेन्सिल जांभळी होती. ओली केली की शाईसारखी उमटणारी. पाणी पडलं तर अक्षर फुलायचं, पण जायचं नाही, आणि रबराला तर ती दादच देत नसे. दिवसातून पन्नास वेळा जिभेला लावून त्यांच्या जिभेच्या शेंड्यावर कायमचा जांभळा डाग पडला होता. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या बायकांना तेवढंच पुरे.

"का जी मामा, जांभळं एकटेच खाल्ले? आमाले नाई ठेवले?"

"चित्रगुप्त आला व बाई, हात चालवा!"

मामा धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, त्यांच्याकडे बघत आणि पेन्सिल पुन्हा तोंडाजवळ नेत. "तुमी का बोलून राहिल्या, तेबी लिवू का?" म्हणत. मग चिखलात एकच हसू उठायचं.

मी त्यांना मामाच म्हणत असे. त्यांच्याबद्दल लिहायचं असं पुष्कळदा मनात आलं आणि पुष्कळदा मी टाळलं. कारण त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर मध्येच कुठेतरी मी येतो, आणि तिथला मी काही लिहिण्याजोगा नाही. पण आता सत्तरी उलटली. लिहितो.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. गोंदियाहून चांद्याकडे जाणारी छोटी गाडी, तिच्यातून उतरून पुढे बैलगाडी, आणि नवेगाव बांधच्या अलीकडे धानाचं एक सरकारी फार्म. कोणत्या जमिनीत कोणता वाण चांगला पिकतो ते लावून पाहायचं आणि मग शेतकऱ्यांना बी द्यायचं, एवढंच तिथलं काम. मी नुकता डिप्लोमा घेतलेला, बावीस वर्षांचा सहायक. साहेब जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे, टापटिपीचे. आणि मामा कामदार, म्हणजे मजुरांकडून काम करून घेणारे. वय पन्नाशीचं, शिक्षण चौथी, जवळच्याच गावचे, घरची दोन एकर धानाची शेती. पाणी किती लावलं, खत किती टाकलं, कापणीला वजन किती भरलं, हे त्यांनी कच्च्या वहीत टिपायचं आणि मी ते माझ्या वळणदार अक्षरात पक्क्या रजिस्टरात उतरवायचं.

ती कच्ची वही तुम्ही पाहायला हवी होती. मेणकापडात गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली, धोतराच्या केळात खोचलेली. पहिलं पान ते पिकाच्या नोंदीसाठी वापरतच नसत. त्यावर वहीचीच ओळख असे. वजन कोणत्या काट्यानं घेतलं, टोपलं कोणतं आणि त्या टोपल्याचं स्वतःचं वजन किती, 'सकाळ' लिहिलं असेल तर ती किती वाजताची. मी हसलो होतो. म्हटलं, "मामा, हे आपल्या दोघांना माहीतच आहे. लिहायचं कशाला?"

"तुमाले मालूम आहे, मले मालूम आहे. पन वहीले मालूम आहे का?" ते म्हणाले. "उद्या मी मरन, तुमची बदली होईन. मंग तिसरा मानूस वाचन तं काय समजन, बाप्पा?"

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या टेबलावरचं रबर उचलून उजेडात धरलं होतं. मेलेला उंदीर शेपटीला धरून पाहावा तसं. "हे लय वाईट चीज आहे जी."

"का हो?"

"चुकलं तं काट मारा. एकच. खालचा आकडा दिसला पायजे. मिटवला का मंग चुकलो होतो हेबी मिटलं."

त्यांच्या वहीत अशा काट मारलेल्या नोंदी बऱ्याच होत्या. एकदा खळ्यावरून परत येताना ते अर्ध्या वाटेत थांबले, वही काढली, पेन्सिल जिभेला लावली. मी डोकावून पाहिलं. लिहिलं होतं, 'चौथ्या बांधीचे वजन घेताना टोपल्याचे वजन वजा केले नाही. चूक माझी.' बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं खाचर. मला कमाल वाटली. त्या चुकीला साक्षीदार कोणी नव्हता. न लिहिली असती तर कुणाला कळलंही नसतं.

"म्हनून तं लिवली," ते म्हणाले.

आणि म्हशीची गोष्ट सांगायलाच हवी. पाचव्या बांधीत म्हैस शिरली आणि निम्मा धान खाऊन गेली. मामांनी लिहिलं, 'पाचव्या बांधीत साहेबाची म्हैस, दोन घंटे.' महिन्याअखेर साहेबांनी वही मागवली आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"मुंशीजी! भैंस लिखो. साहब की भैंस क्यों लिखा?"

"साहेबाचीच होती जी."

"अरे, पर लिखने की क्या ज़रूरत? भैंस तो भैंस है."

"नाही साहेब," मामा अगदी नम्रपणे म्हणाले. "दुसऱ्याची म्हैस आली तं आमी दगड मारून हाकलतो. ते दोन मिनिटं राहते. तुमची आली तं कोन हाकलन? म्हनून दोन घंटे राहिली. कोनाची होती ते नाई लिवलं तं दोन घंटे काऊन राहिली, हे वाचनाऱ्याले कसं समजन?"

साहेबांनी वही मिटली. मग हसले. माणूस वाईट नव्हते. दुसऱ्या दिवसापासून म्हैस दावणीला दिसू लागली. पक्क्या रजिस्टरात मात्र मी फक्त 'जनावरांचा उपद्रव' असं लिहिलं. ते दिसायला बरं वाटत होतं. मला तेव्हा दिसायला बरं असलेलं सगळंच आवडत असे.

आता त्या वर्षाचं सांगतो.

बारा वाण होते आणि बारा बांध्या होत्या. सहा-सहाच्या दोन ओळी, एकीखाली एक. नकाशा साहेबांच्या कपाटात. कोणत्या बांधीत कोणता वाण आहे हे कामगारांना कळू द्यायचं नाही असा त्यांचा हुकूम होता, म्हणजे कोणी आवडत्या धानाला चार मुठी खत जास्त टाकणार नाही. हुकूम शहाणपणाचा होता. नकाशावर वरच्या ओळीला डावीकडून उजवीकडे एक ते सहा आणि खालच्या ओळीला पुन्हा डावीकडून उजवीकडे सात ते बारा असे नंबर होते. रोवणीच्या वेळी मी उभं राहून नकाशाबरहुकूम परहे लावून घेतले, म्हणजे धानाची रोपं, आणि प्रत्येक बांधीत इंग्रजी अक्षराची खुंटी ठोकली. मामांना इंग्रजी येत नव्हतं.

श्रावणात झड लागली. आठ दिवस पाऊस थांबला नाही. मला हिवतापानं धरलं आणि पंधरा दिवस मी खाटेवर पडून होतो. उठून फार्मवर गेलो तेव्हा मामा धुऱ्यावरच भेटले.

"खुट्या वाहून गेल्या जी. म्या नव्या लावल्या. नंबर औताच्या चालीनं टाकले. पयल्या पानावर लिवलं आहे."

क्विनाइननं माझे कान वाजत होते. मी "बरं, बरं" म्हणालो.

औताची चाल तुम्ही पाहिलीच असेल. नांगर शेताच्या टोकापर्यंत जातो, तिथे वळतो आणि लगेच शेजारून उलटा परत येतो. आम्ही लिहिणारी माणसं ओळ संपली की हात उचलतो आणि पुन्हा डावीकडे नेतो. औत असं उचलून नेता येत नाही. मामांनी एक ते सहा नंबर डावीकडून उजवीकडे टाकले, तिथेच वळले आणि सहाच्या बरोबर खाली सात टाकला. मग उलटे चालत डाव्या टोकाला बारा. म्हणजे माझ्या नकाशातली सातवी बांधी ती त्यांची बारावी, आणि माझी बारावी ती त्यांची सातवी. खालची सगळी ओळ उलटी. नव्या खुंट्यांवर मराठी आकडे चांगले ठळक होते. मी त्यांच्यासमोरून तीन महिने ये-जा केली. पाहिले नाहीत.

कापणी झाली. मामांच्या वहीत बारा नंबरचं वजन सगळ्यांत जास्त होतं. मी नकाशा उघडला. बारा म्हणजे भारी वाण. भारी म्हणजे उशिरा पिकणारा, शेवटपर्यंत पाणी मागणारा. पहिलं पान मी उलटून पुढे गेलो होतो. ओळखीच्या माणसाच्या वहीची ओळख काय वाचायची! पक्क्या रजिस्टरात सुंदर अक्षरात भारी वाण पहिला आला. खरोखर जो पहिला आला होता, तो माझ्या सातव्या बांधीतला हलका वाण, लवकर हाती येणारा, रजिस्टरात खालून दुसरा गेला.

मामांनी साहेबांना एवढंच म्हटलं, "आनखी एक साल लावून पाहा जी. एका सालचा धान खोटा बोलते."

"लोग रुकेंगे नहीं, मुंशीजी," साहेब म्हणाले. त्यांच्यावर वरून घाई होती.

त्या उन्हाळ्यात चढाच्या जमिनीच्या एका गावाला भारी वाणाचं बी दिलं गेलं. गाव मामांच्या सासुरवाडीचं. लोक सरकारी बी घ्यायला कचरत होते. मामा स्वतः घरोघर गेले. "म्या स्वता वजन केलं आहे. घ्या," म्हणाले. त्यांच्या शब्दावर लोकांनी घरचं बी कांडून खाल्लं आणि आमचं पेरलं.

त्या वर्षी दसऱ्याआधीच पाऊस गेला. हलका धान असता तर तोवर भरला असता. भारी धान उभ्या उभ्या फोल झाला. एक शेतकरी दुपट्ट्यात लोंब्या बांधून फार्मवर आला आणि साहेबांच्या टेबलावर त्यानं त्या ओतल्या. दाबल्या की नुसता भुसा.

"हे घ्या साहेब तुमचा धान. तुमीच खा आता." मग तो दाराकडे वळला. तिथे मामा उभे होते, त्याच्या गावचे जावई, म्हणजे भाटवे. "साहेब तं परका मानूस. भाटवे, तुमी कायले फसवलं आमाले?"

मामा वाकले. त्यांनी खाली पडलेल्या लोंब्या वेचल्या.

आमच्या फार्मवरही त्या वर्षी तोच वाण, त्याच मातीत, त्याच माणसांच्या हातानं पुन्हा लावलेला होता. तिथेही त्याची तीच गत झाली. साहेबांनी मला विचारलं, "पिछले साल पहला, इस साल आख़िरी. कैसे?" मी म्हणालो, पाहून सांगतो.

दुपारी मी ऑफिसात एकटा बसलो आणि गेल्या वर्षीची कच्ची वही उघडली. या वेळी प्रथमच पहिलं पान वाचलं. जांभळ्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं, 'खुट्या झडीत गेल्या. नव्या लावल्या. बांध्याइचे नंबर औताच्या चालीनं.' खाली बारा चौकटी काढून त्यांत आकडेही घातले होते. बाजूला एक लहानसा बैल काढला होता, तोंड उजवीकडे. खालच्या ओळीला दुसरा बैल, तोंड डावीकडे. न वाचता येणाऱ्यालाही कळलं असतं.

मी तो कागद आणि नकाशा शेजारी शेजारी ठेवले. पाच मिनिटांत सगळं लख्ख झालं. उठून साहेबांच्या खोलीत जायला दहा पावलं होती. मी वही माझ्या पिशवीत टाकली आणि घरी नेली. माझी नोकरी कायम व्हायचा कागद त्या महिन्यात निघायचा होता. याहून मोठं कारण असतं तर इथे सांगितलं असतं. नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. मामांना म्हणाले, "नंबर तुमने कैसे डाले थे?"

"औताच्या चालीनं जी. वहीच्या पयल्या पानावर आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "वही कहाँ है?"

मी म्हणालो, "कच्ची वही नाही साहेब. पक्कं रजिस्टर झाल्यावर जाळून टाकली."

मामांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आवाजात राग नव्हता, चौकशी होती. "जाळली का जी?"

"हो."

"आनि मी तुमाले धुऱ्यावर सांगतलं होतं…"

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "गँवार के हाथ में पेंसिल दी, ग़लती हमारी है. सीधी गिनती तक नहीं आती." आणि रजिस्टर? ते दुरुस्त करायला पुरावा कुठे होता? अडाणी माणसाच्या तोंडच्या शब्दावर सरकारी रजिस्टर बदलत नाही. साहेबांनी त्या वर्षाच्या आकड्यांपुढे काहीच लिहिलं नाही. दोन महिन्यांनी त्यांची बदली झाली. आकडे तसेच राहिले. हलका वाण खालून दुसरा म्हणून पुढच्या चाचण्यांतून काढून टाकण्यात आला.

मामांना लिहिण्याच्या कामावरून काढून बैलांच्या गोठ्यावर नेमलं. संध्याकाळी ते माझ्या टेबलाजवळ आले, कानावरची पेन्सिल काढली आणि ठेवली. बोटभर उरली होती. "सरकारी आहे जी," म्हणाले आणि गेले. सासुरवाडीच्या गावात त्यांना कोणी पाणी विचारेना. त्यांनी कुणाला कैफियत सांगितली नाही. रोवणीच्या बायका पुढच्या श्रावणात त्यांना पाहून नुसत्या गप्प झाल्या. ते मला पाहवलं नाही. मी बदली मागून घेतली.

वही मी जाळली नव्हती. जाळायचं धाडस होईना, दाखवायचंही होईना. ती माझ्या पेटीत तळाशी राहिली. चार ठिकाणी बदल्या झाल्या, मधल्या काळात राज्य बदललं, ऑफिसातली भाषा बदलली. दर बदलीला पेटी भरताना वही हाताला लागायची आणि मी तिच्यावर धोतर पसरायचो.

सहा-सात वर्षांनी तपासणीच्या कामानं पुन्हा त्या भागात नेमणूक झाली. फाल्गुनातल्या एका सकाळी मी वही घेऊन त्यांच्या गावी गेलो. मामा अंगणात टोपलं विणत बसले होते. नोकरी सुटली होती. केस पांढरे झाले होते आणि जिभेवरचा डाग गेला होता. मामी पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आल्या. मी लोटा हातात घेतला, पण प्यायला धजावलो नाही. वही त्यांच्यापुढे ठेवली आणि उभ्यानं सगळं सांगून टाकलं. पिशवी, कायम व्हायचा कागद, 'मला आठवत नाही' म्हणालो ते, सगळं.

मामांनी हात धोतराला पुसले. सुतळी सोडली. पानं उलटत गेले, एका पानावर थांबून हसलेही. म्हशीचं पान असावं. मग म्हणाले, "जळली नाही ते मालूम होतं जी."

"कसं?"

"'जाळली' म्हनतानी तुमी तुमच्या पिशवीकडे पाहून राहिले होते."

मामी दारात उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "माह्या मायच्या घरी सहा साल गेले नाई मी. दोन भाऊ आहेत तठी." एवढंच बोलून आत गेल्या. लोटा मी बाजूला ठेवला. खाली वाकून मी मामांच्या पायांना हात लावू लागलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"मले कायले सांगून राहिले जी? मी का तुमच्या रजिस्टरातून धान पेरतो? रजिस्टर कोठी आहे?"

"ऑफिसात."

"त्यात का लिवलं आहे?"

"तेच. जुनंच."

"म्हनजे आज बी जो वाचन तो चुकनच." त्यांनी वही पुन्हा मेणकापडात गुंडाळली, सुतळीची तीच जुनी गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. "माह्या घरी हिचा काय काम? हे रजिस्टराच्या बाजूले पायजे. पयलं ते करा. माफीगिफी मंग पाहू."

मी माफी मागायला गेलो होतो आणि काम घेऊन परत आलो. बसमध्ये बसल्यावर मला त्यांचा चक्क राग आला होता, हेही सांगून टाकतो. पाया पडून मोकळं होणं किती सोपं होतं!

ते काम करायला मला आणखी दहा महिने लागले. रोज ठरवायचो, रोज राहायचं. शेवटी पौषात एका दुपारी फार्मच्या ऑफिसात गेलो. नवे अधिकारी तरुण होते. त्यांच्यासमोर ते रजिस्टर काढलं. खालच्या ओळीच्या सहाही आकड्यांवर एकेकच काट मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी खरे आकडे घातले. खाली लिहिलं की बांध्यांचे नंबर औताच्या चालीनं होते, तशी नोंद कच्च्या वहीत पहिल्या पानावर होती, कामदारांनी मला तोंडीही सांगितलं होतं, उतरवताना चूक माझी झाली, त्या चुकीनं कोणत्या गावाला भारी वाणाचं बी गेलं, आणि वही माझ्याजवळ असताना मी ती जाळली असं खोटं सांगितलं. मामांचं नाव मी तिथे संपूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट. इथे लिहिलं नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं. वही दाभणानं रजिस्टरला शिवून टाकली.

तरुण अधिकाऱ्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "तुमच्या सर्व्हिस बुकात हे जाईल, कळतंय ना?" मी हो म्हणालो. मग त्यांनी बैलांच्या चित्रावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा हलका वाण आता शोधावा लागेल. आपल्याकडे बी उरलेलं नाही." एवढ्या वर्षांत चढाच्या जमिनीवर काय काय पेरलं गेलं असेल, हा हिशेब तेव्हा प्रथम माझ्या डोक्यात शिरला.

मी तडक मामांकडे गेलो नाही. सर्व्हिस बुकात शेरा यायचा तो आला, त्यानंतर चैत्रात गेलो. ते अंगणात खाटेवर पडून होते. डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. माझा आवाज ओळखला. मी नोंदीची नक्कल खिशातून काढून मोठ्यानं वाचून दाखवली. मामी सूप बाजूला ठेवून ऐकत होत्या. त्यांच्या भावांच्या गावाचं नाव आलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं. मी थांबलो. आता ते काही बोलतील, असं मला वाटत होतं. काय, ते मी मनात अनेकदा ऐकलेलं होतं.

"तारीख?" ते म्हणाले.

"काय?"

"लिवलं कोनत्या तारखेले? खाली तारीख टाकली का नाही?"

मी कागद वर-खाली पाहिला. नव्हती टाकली. सही होती, हुद्दा होता, तारीख नव्हती.

"हात्तिच्या!" मामा खाटेवर उठून बसले आणि आंधळ्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत खदखदा हसले. "एवढं मोठं पुरान लिवलं आनि तारीख नाही! वाचनाऱ्याले वाटन का चुकलं त्याच दिवशी सुधारलं. मधातले साल कोठी गेले मंग?"

मामीही हसल्या. मीही हसलो. हसताना डोळ्यांना पाणी आलं, त्याचं काही वाटलं नाही.

"टाकून येतो," मी म्हणालो.

"या. टाकली का सांगा मले."

ऑफिसात रजिस्टर पुन्हा काढलं तेव्हा वैशाख लागला होता. पेन उघडून बसलो. नुसती पौषातली तारीख टाकली असती तरी चाललं असतं, नोंद तेव्हाचीच होती. चूक झाली त्या सालापासून मी गप्प बसलो होतो तो सगळा काळ मी तिथे लिहिला. मग नोंदीची तारीख घातली, आणि 'तारीख घालायची राहिली होती, ती आज घातली' असं लिहून त्यापुढे त्या दिवसाची.

दोन दिवसांनी त्यांच्या गावी गेलो. अंगण सारवलेलं होतं. खाट भिंतीला टेकवून उभी केलेली होती.

मामी ओसरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "गेले जी. नऊ दिस झाले." मी पायरीवरच बसलो. त्यांनी विचारलं, "काई सांगाचं होतं का त्याईले?"

"तारीख टाकली म्हणून सांगायला आलो होतो."

"मंग मले सांगा," मामी म्हणाल्या. "कोनती टाकली?"

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मी तारीख सांगितली. त्यांनी ती तोंडातल्या तोंडात दोनदा म्हटली, विसरू नये म्हणून.